ओव्हरमध्ये झालेलं नको, अर्धवट राहिलेलं सांगा

ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरच्या हवाली करायची, तिला आपण ओव्हर म्हणतो. तिच्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "जीएनएम नर्सिंग करून आठ महिन्यांपूर्वी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात लागले. मेडिकल वॉर्डला आहे. सिनियर सिस्टर इतक्या भराभर ओव्हर देतात की अर्धं लिहायचं राहतं, परत विचारलं तर चिडतात. संध्याकाळी काही सुटलेलं सापडलं की बोलणी मला बसतात. मी ओव्हर देते तेव्हाही काहीतरी राहतंच. कॉलेजात एसबार (पेशंटची माहिती चार टप्प्यांत सांगायची पद्धत) शिकवला होता, पण तीस पेशंटना तो वापरायचा कसा? ओव्हर नीट द्यायची-घ्यायची पद्धत सांगा."

लिहिण्याचा वेग वाढवायच्या मागे लागू नकोस. तू सगळं लिहून घ्यायला बघतेस, म्हणूनच सुटतंय. मान खाली घालून लिहिणाऱ्या मुलीला पेशंट दिसत नाही आणि ओव्हर देणारीचा चेहराही दिसत नाही. शिवाय तू जे लिहून घेतेस त्यातलं बहुतेक फाइलमध्ये असतंच: नाव, वय, निदान, कधी ॲडमिट झाला, कुठल्या सरांचा, कुठलं अँटिबायोटिक. ते वाचायला तुला पुढे अख्खी इव्हिनिंग पडलीय. जे फाइलमध्ये नाही ते मात्र ओव्हरच्या त्या वीस मिनिटांनंतर तुला कुणी सांगणार नाही, कारण ज्या सिस्टरला ते ठाऊक आहे ती घरी गेलेली असते.

आता फाइलमध्ये नसतं काय? झालेल्या कामापुढे सही असते. न झालेल्या कामापुढचा रकाना रिकामा असतो, तोही डोळ्यांना दिसतो. सुरू झालेलं पण संपलेलं नसलेलं काम कुठेच दिसत नाही. कुणी सुरू करतानाच सही करून टाकते, कुणी संपल्यावर करू म्हणून ठेवते, आणि कागद दोन्ही वेळा चुकीचं सांगतो. ओव्हरच्या वेळचे जे घोळ मी वॉर्डात बघत आलेय त्यातले बहुतेक या अर्धवट कामांचे आहेत. म्हणून ओव्हर घेताना माझं सगळं लक्ष तिथेच असतं.

आपल्याकडचंच उदाहरण घे. पावसाळा लागला की पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून सर्पदंशाचे पेशंट नाशिकला येतात. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट तुलाही माहीत असेल. कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये 2 मिली ताजं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं ट्यूबला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त पातळच राहिलं असेल तर विषाचा परिणाम चालू आहे, आणि एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू करायचं का, पुन्हा द्यायचं का हे त्यावर ठरतं. आता समज, मॉर्निंगच्या सिस्टरने 1:50 ला ट्यूब ठेवली. ती 2:10 ला बघायची आहे, आणि मधे 2 वाजता ड्युटी बदलली. ओव्हरमध्ये ती म्हणाली, "बेड 7, स्नेकबाइट, एएसव्हीच्या 10 व्हायल गेल्या, टेस्ट लावलीय." यात खोटं काहीच नाही. पण ट्यूब आहे कुठे, ठेवली कितीला, बघणार कोण? तीन वाजता वॉर्डबॉय मामा ट्रे आवरायला घेतात, ट्यूब हिंदकळते, किंवा आत्ताच आलेली कुणीतरी ती उचलून चार वेळा हलवून बघते. टेस्ट वाया गेली, नव्याने रक्त काढा, आणखी वीस मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात पेशंटच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तर कुणाला धरायचं?

हीच ओव्हर अशी देता येते: "बेड 7, ट्यूब खिडकीतल्या ट्रेमध्ये आहे, 1:50 ला ठेवलीय, 2:10 ला तू बघ. गोठलं नसेल तर आरएमओ डॉक्टरांना लगेच फोन. पुढची टेस्ट सहा तासांनी." बोलायला दहा सेकंद जास्त लागले. वस्तू कुठे आहे, वेळ कुठली, बघणार कोण आणि निकाल वाईट आला तर काय करायचं, एवढं प्रत्येक अर्धवट कामाबद्दल कळलं पाहिजे. समोरचीने सांगितलं नाही तर तू विचारायचं.

रक्ताच्या तपासण्यांचंही तसंच. "रिपोर्ट पाठवलेत" हे वाक्य मी माझ्या वॉर्डात बंद केलंय. सॅम्पल काढलं, लॅबला पोचलं, रिपोर्ट आला, डॉक्टरांना कळवला, त्यांनी ऑर्डर दिली. यातल्या कुठल्या पायरीवर गाडी थांबलीय ते सांगायचं. सगळ्यांत धोक्याची पायरी म्हणजे रिपोर्ट आलाय पण डॉक्टरांपर्यंत गेला नाही. लॅबवाले नेमके दोन वाजून पाच मिनिटांनी फोन करून सांगतात, "बेड 12 चं पोटॅशियम 6.2." फोन उचलते ती जायच्या घाईतली मॉर्निंगची सिस्टर. तिला वाटतं इव्हिनिंगच्या सिस्टरने ऐकलं, हिला वाटतं तिने डॉक्टरांना कळवलंय. म्हणून ड्युटी बदलताना आलेला असा धोक्याचा आकडा जिने फोन घेतला तिनेच डॉक्टरांना सांगायचा, त्यांचं नाव आणि वेळ लिहायची, मगच पर्स उचलायची. यात वाद घालायला जागा ठेवू नये.

लावलेली बाटली, चालू पंप, चढत असलेलं रक्त ही सगळी अर्धवट कामंच आहेत. नॉरॲड (बीपी वाढवायचं औषध) पंपावर "4 वर चालू आहे" याला काहीही अर्थ नाही. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये किती अँप्यूल घातलेत? सिरिंज संपायला किती वेळ आहे, पुढची भरून ठेवलीय का? सलाइनमध्ये पोटॅशियम घातलं असेल आणि बाटलीवर लेबल नसेल, तर बघणारीला ती साधी सलाइन वाटणार, आणि ती थेंब वाढवायला मोकळी. केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) 10 मिलीच्या एका अँप्यूलमध्ये 20 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, ही खेळण्याची गोष्ट नाही. रक्ताची पिशवी असेल तर कितीला सुरू केली ते सांगायचं, कारण ती चार तासांच्या आत संपायला हवी. पहिल्या पंधरा मिनिटांचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास) झालेत का हेही सांगायचं. इन्शुलिनचं तर बाटली हातात घेऊन बोलायचं. आपल्याकडे 40 युनिटची आणि 100 युनिटची अशा दोन्ही व्हायल मिळतात, दोघींच्या सिरिंज वेगळ्या, आणि फ्रिजमध्ये त्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. दिवसा घरच्यांनी बाहेरून नवी व्हायल आणून दिली असेल तर ते रात्रीच्या सिस्टरला कोण सांगणार?

तू आज मेडिकलला आहेस, उद्या लेबर रूमला टाकतील, म्हणून एक तिथलं सांगते. गरोदरपणात, बाळंतपणात फिट्स येणाऱ्या बाईला मॅग्सल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) चालू असतं तेव्हा दर चार तासांनी 5 ग्रॅमचं इंजेक्शन एकदा उजव्या कमरेत, एकदा डाव्या कमरेत जातं. पुढचा डोस कितीला, कुठल्या बाजूला, हे ओव्हरमध्ये यायला हवंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो डोस द्यायच्या आधीची तपासणी: गुडघ्याचा झटका येतोय का, श्वास मिनिटाला निदान 16 आहेत का, गेल्या चार तासांत लघवी तासाला किमान 30 मिलीने झालीय का. हे तिन्ही दोघींनी मिळून बाईजवळ उभं राहून बघायचं आणि मॅग्सल्फवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, ट्रेमध्ये आहे याची खात्री करायची. युरोबॅग (लघवीची पिशवी) ओव्हरच्या आधीच कुणी रिकामी केली आणि आकडा लिहिला नाही, तर पुढच्या डोसचा निर्णय अंधारात.

आता एक गोष्ट, जिच्यावर फार कमी जणी बोलतात. बहुतेक हॉस्पिटलांत ड्युटी बदलते सकाळी 8, दुपारी 2 आणि रात्री 8 ला. आणि दिवसातून चार वेळा द्यायच्या औषधांच्या वेळा पुष्कळ ठिकाणी काय लावलेल्या असतात? 8, 2, 8, 2. म्हणजे चारातले तीन डोस नेमके ओव्हरच्या तोंडावर. जाणारीला वाटतं येणारी देईल, येणारीला वाटतं जाणारी देऊन गेली. एकदा डोस राहतो, एकदा दोनदा जातो. पॅरासिटामोल असेल तर निभावतं, पण रक्त गोठू न देणारं हेपॅरिन असलं, फिट्सचं इंजेक्शन असलं, तर नाही. यात कुणाच्या हलगर्जीपणाचा प्रश्न नाही, वेळापत्रकच तसं बांधलंय. तुमच्याकडे असं असेल तर इन्चार्ज सिस्टरला सांगून औषधांच्या वेळा 6, 12, 6, 12 करून घ्यायला बघ. ते जमेपर्यंत वॉर्डापुरता एकच नियम धरा: ओव्हरच्या वेळेचा डोस जाणारीने द्यायचा, सही करायची, मगच ओव्हर सुरू. उलटा नियम केलात तरी चालेल, फक्त रोजच्या रोज बदलायचा नाही. मी जाणारीवर टाकते, कारण येणारीला त्या क्षणी पेशंटचं काहीच माहीत नसतं. दुपारी बीपी 90 होतं म्हणून सरांनी गोळी थांबवायला सांगितलंय, हे तिला कुठून कळणार?

तर घेणारीचं काम. माझं मत स्पष्ट आहे की ओव्हर चांगली होते ती घेणारीमुळे. देणारी सहा तास पळून थकलेली असते, रात्रीची असेल तर बारा तास. तिला सगळं आठवेलच असं नाही. तू ताजी आलीयस, तेव्हा आठवण करून देणं तुझ्याकडे येतं. आणि हे शिकता येतं. प्रत्येक सिरियस पेशंटजवळ मी तीन प्रश्न विचारते, आणि माझ्या मुलींनाही तेच विचारायला लावते. "यांचं आत्ता काय अर्धवट आहे?" "तुम्ही असता तर पुढच्या दोन तासांत काय बघितलं असतं?" आणि "सकाळपेक्षा आत्ता कसे आहेत?"

तिसरा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर कुठल्याच चार्टमध्ये नसतं. दिंडोरी-निफाडच्या बागाईत पट्ट्यातून कीटकनाशक पोटात गेलेले पेशंट येतात, त्यांना उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू असतं. रात्री दहाला असा माणूस बडबडायला लागला, अंगावरची चादर चाचपायला लागला, तर रात्रीच्या सिस्टरला पहिलं कळायला हवं की हा दुपारीही असाच होता की आत्ता बिघडलाय. दुपारी शुद्धीवर बोलत होता हे माहीत असेल तर ती ॲट्रोपिन जास्त झालंय का म्हणून डॉक्टरांना उठवेल. माहीत नसेल तर "असाच असेल" म्हणून हात बांधून ठेवेल. त्याच पेशंटची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान लुळी पडू शकते, मग श्वास. म्हणून अशा पेशंटची ओव्हर घेताना त्याला सांगायचं, "दादा, उशीवरून मान उचला बरं." उचलली, दोघींनी बघितली, वेळ लिहिली. पाच सेकंदांचं काम, आणि मध्यरात्री उचलता आली नाही तर फरक लगेच कळतो.

प्रश्न विचारून झाले की ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. सगळ्या पेशंटचं नाही, फक्त अर्धवट कामांचं. "म्हणजे 2:10 ला ट्यूब, चारला पिशवी संपायला हवी, आणि 12 च्या पोटॅशियमचं सरांना कळवलंय. बरोबर ना, सिस्टर?" याने दोन गोष्टी होतात. तू चुकीचं ऐकलं असशील तर ती तिथेच दुरुस्त करते, आणि तिचं काही सांगायचं राहिलं असेल तर तुझं ऐकताना तिला आठवतं. अमेरिकेत डॉक्टरांच्या ओव्हरसाठी आय-पास नावाची पद्धत बसवली, तिची शेवटची पायरी हीच आहे: घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. लहान मुलांच्या नऊ हॉस्पिटलांतला तो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचारांतल्या चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा 30 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. ते निवासी डॉक्टर होते, आपण नाही, आणि त्यांनी प्रशिक्षण, छापील फॉर्म असं बरंच काही एकदम केलं होतं. तरी बोलून दाखवायची सवय फुकट मिळते, ती घ्यायला काय हरकत आहे?

आकडे बोलताना सुटे बोलायचे. फिफ्टीन आणि फिफ्टी पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात, त्यात नाशिकच्या खासगी हॉस्पिटलांत केरळच्या सिस्टर, आपल्या मराठी मुली आणि हिंदी बोलणारे आरएमओ असा मेळ असतो. "एक पाच, पंधरा" असं म्हणायचं. डोपामिन आणि डोब्युटामिन तोंडी सांगायचंच नाही, अँप्यूल दाखवायची.

एसबारबद्दल विचारलंस. ती पद्धत अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून आली आणि कोलोरॅडोतल्या कायझर पर्मनेंटेच्या लोकांनी ती हॉस्पिटलात आणली. परिस्थिती, पार्श्वभूमी, तुझा अंदाज आणि तुला काय हवंय, हे चार टप्पे. रात्री दोनला झोपलेल्या डॉक्टरांना फोन करायला याच्याइतकं चांगलं काही नाही. घाबरलेली मुलगी "सर, बेड 9 ला बरं वाटत नाहीये" एवढंच बोलून थांबते, ते होत नाही. पण तीस पेशंटचा एसबार करायला बसलीस तर पहाट होईल. वॉर्डात रोज चार-पाच पेशंट असे असतात की ज्यांची धास्ती वाटते. त्यांचा पूर्ण कर, आणि सगळ्यांत आधी कर. बाकीच्यांना एक वाक्य पुरे: "3, 4, 5 स्थिर, 6 उद्या डिस्चार्ज, कागद राहिलेत." आपण बेड 1 पासून सुरू करून 30 पर्यंत जातो आणि 26 नंबरचा सगळ्यांत सिरियस पेशंट येईपर्यंत दोघींचं लक्ष उडालेलं असतं. बेडच्या क्रमाने नको, सिरियस आधी. हा एक बदल उद्यापासून तू एकटी करू शकतेस, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

ओव्हर काउंटरवर बसून घ्यायची की बेडजवळ? बेडजवळ, निदान सिरियस पेशंटची तरी. फाइल काय म्हणते आणि पेशंट काय सांगतो ते एकदम तपासून होतं. व्हिगोची (सलाइनच्या सुईची) जागा सुजलीय का, बाटलीवरचं नाव त्याचंच आहे का, ड्रेनमध्ये किती आलंय, ऑक्सिजन खरंच चालू आहे का की नळी उशीखाली गेलीय. पडून असलेल्या पेशंटला कुशीवर वळवून कंबर बघायची. पडून राहून झालेली जखम ओव्हरच्या वेळी दोघींनी बघितली नाही तर दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या ड्युटीत झाली यावर भांडण ठरलेलं. पेशंटजवळ बसलेली बाई, आई असो की सून, तिला एक प्रश्न विचारायचा: "दुपारपासून काही वेगळं वाटलं का?" तिला आपल्यापेक्षा जास्त दिसलेलं असतं. कळवण-बागलाणकडची माणसं अहिराणीत बोलतात, सुरगाण्याकडची कोकणा बोलतात. वॉर्डात ती भाषा येणारी मावशी असली तर तिला हाक मार, लाजू नकोस. घाईत "हो हो" म्हणून पुढे गेलेल्या सिस्टरकडून काय काय सुटतं ते मी बघितलंय.

पण बेडजवळ सगळंच मोठ्याने बोलायचं नाही. जनरल वॉर्डात दोन खाटांमध्ये हातभराचं अंतर, पलीकडच्या पेशंटच्या चार नातेवाइकांचे कान आपल्याकडे. एचआयव्हीचा रिपोर्ट, गर्भपात, अत्याचाराची एमएलसी (पोलिसांत कळवायची केस), विष स्वतःहून घेतलं की चुकून गेलं, हे तिथे उच्चारायचं नाही. काउंटरवर आधी सांगून घ्यायचं किंवा फाइलवर बोट ठेवून दाखवायचं. एचआयव्हीबाबत तर 2017 चा कायदाच आहे, पेशंटच्या संमतीशिवाय ते उघड करता येत नाही. आणि ओव्हरचे फोटो, फाइलची पानं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची जी सवय लागलीय, ती मला अजिबात पसंत नाही. ग्रुपवर नव्वद जण असतात, त्यातले किती नोकरी सोडून गेलेत तेही कुणी बघत नाही.

आता सिनियर चिडतात त्याचं. त्यांच्या बाजूनेही थोडं बघ. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयाला पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. तुझ्या वॉर्डात तो पाळला जात असता तर तू हा प्रश्न विचारलाच नसतास. सहा तासांत तीस पेशंट, दोन डिस्चार्ज, बिलिंगवाल्यांचे फोन, आणि वर दोन वीसची बस चुकली तर सिन्नरला पोचायला संध्याकाळ. तिला प्रश्न विचारलेला आवडत नाही असं नसतं, "तुमचं राहिलंय" असा सूर आवडत नाही. म्हणून वाक्य बदल. "तुम्ही हे सांगितलंच नाही" ऐवजी "सिस्टर, माझं ऐकायचं राहिलं, पंप कितीवर आहे?" त्यातूनही चिडली तर चिडू दे. तिचा राग पाच मिनिटांचा असतो, चुकीचा डोस तुझ्या सहीखाली कायमचा राहतो. एक मात्र कर: पंधरा मिनिटं आधी ये आणि ती ओव्हर द्यायला यायच्या आत वॉर्डात एक चक्कर मार. बघून आलीस की तुझे प्रश्न निम्मे होतात आणि जे उरतात ते नेमके असतात. असे प्रश्न विचारणारीवर सहसा कुणी चिडत नाही.

ही पंधरा मिनिटं पगारात धरलेली नसतात हे मला माहीत आहे. तिथे दोष तुझा नाही. 2 ला एकीची ड्युटी संपते आणि 2 लाच दुसरीची सुरू होते, अशा वेळापत्रकात ओव्हरला वेळच ठेवलेला नाही, ती हवेत होते. दोन ड्युट्या अर्धा तास एकमेकींवर चढतील असं बांधायला हवं, आणि ते मॅनेजमेंटचं काम आहे. मेट्रन मॅडमकडे हा विषय काढायचा असेल तर एकटीने नको, इन्चार्ज सिस्टरला बरोबर घेऊन काढा. बरोबर वेळापत्रकाचा कागद न्या, आणि ओव्हरच्या वेळेचे राहिलेले डोस महिनाभर नोंदवून ती यादी न्या. तक्रार ऐकून घेतात, यादी वाचतात. येणारी सिस्टर द्वारका चौकात अडकलीय, तोवर जाणारी निघून गेली, असं तुमच्याकडे होत असेल तर त्यालाही नियम हवा: घेणारी आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, आणि तेवढा वेळ रजिस्टरला चढवायचा. सिंहस्थात बाहेरच्या जिल्ह्यांतून प्रतिनियुक्तीवर सिस्टर येतात, 2027 लाही येतील. वॉर्डातलं कपाट कुठलं हेही माहीत नसलेल्या मुलीला ओव्हर द्यायची वेळ येईल तेव्हा हे नियम आधीपासून असलेले बरे.

ओव्हर चालू असताना फोन, बेल, नातेवाईक याला एकच उपाय मला लागू पडलेला दिसला. जाणाऱ्यांपैकी एकीला ओव्हरमधून बाहेर ठेवायचं, ती सगळे फोन आणि बेल बघणार. एकटीच असशील तर मावशींना दारावर उभं करायचं.

रात्रीच्या ओव्हरला तारीख हा वेगळाच घोळ असतो. रात्री 8 ला "उद्या उपाशी ठेवायचंय" म्हटलं तर एक दिवस, तेच पहाटे 1 ला म्हटलं तर दुसरा. ऑपरेशनचा पेशंट सकाळी चहा-बिस्कीट खाऊन बसलेला सापडतो तो यामुळे. तारीख आणि वार दोन्ही बोलायचं, बेडवर पाटी लावायची, आणि घरच्यांनाही सांगायचं, कारण चहा आणणारे तेच असतात.

सामानाची ओव्हर तू नीट घेतच असशील, म्हणून थोडक्यात. मॉर्फिन, फेंटॅनिलची संख्या रजिस्टरशी दोघींनी मोजायची, दोघींच्या सह्या, न मोजता सही नाही, समोर कोणीही असो. इमर्जन्सी ट्रेचं सील बघायचं. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना लागतो तो) बल्ब पेटवून बघायचा. ऑक्सिजनबद्दल नाशिकच्या सिस्टरला वेगळं सांगायला नको. 21 एप्रिल 2021 ला इथल्या महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून गळती होऊन ऑक्सिजनवरचे रुग्ण गेले, तेव्हापासून प्रेशर गेज स्वतः बघितल्याशिवाय ओव्हर घेत नाही अशा कितीतरी जणी मला माहीत आहेत. तूही बघ, आणि जंबो सिलिंडर भरलेला आहे का, त्याची चावी कुठे आहे, तेही बघ.

तुझ्या ओव्हर देण्याबद्दल राहिलं. ड्युटी संपायच्या आधी अर्धा तास आठवायला बसू नकोस, तोवर विसरलेलं असतं. खिशात एक घडी केलेला कागद ठेव, काम सुरू केलंस की त्यावर एक ओळ लिही, संपलं की खोड. ड्युटी संपताना त्या कागदावर न खोडलेल्या जेवढ्या ओळी उरतात, तीच तुझी ओव्हर. ओव्हर झाली की तो कागद फाडून टाक, त्यावर पेशंटचं नाव असतं, बसमध्ये पडायला नको.

आणि घरी पोचल्यावर काही आठवलं, जे सांगायचं राहिलं, तर लाजून गप्प बसू नकोस, सकाळची वाटही बघू नकोस. वॉर्डाच्या लँडलाइनवर फोन कर, तिथल्या सिस्टरच्या मोबाइलवर मेसेज टाकून सोडू नकोस, ड्युटीवर तिने तो बघितला नसेल. तिला परत बोलून दाखवायला सांग आणि नर्सेस नोटमध्ये वेळ घालून लिहायला सांग: "अमुक सिस्टरनी फोनवरून कळवलं." अशा फोनवर हसणाऱ्या एक-दोघी असतात. दुसऱ्या दिवशी त्यांची ओव्हर तू घेशील तेव्हा त्यांच्याच पेशंटजवळ तुझे तीन प्रश्न विचार.